दाराबाहेरचा संघ

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडाविश्वात एक प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा डोके वर काढत आला आहे. आहे त्या गटात आणखी एक संघ घ्यावा की नाही? २०२४ साली 'बिग टेन' नावाच्या प्रतिष्ठित गटाने पार पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठांना सामावून घेतले आणि नावात दहा असलेल्या या गटाची सदस्यसंख्या अठरावर गेली. याच गटाने एकेकाळी आपल्या अगदी अंगणातल्या एका संघाला मात्र उंबरठ्याबाहेर उभे ठेवले होते. तो संघ इंडियाना राज्यातील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचा आणि त्याच्यासाठी दार ठोठावणारा माणूस म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधील दंतकथा बनलेला प्रशिक्षक नूट रॉक्नी. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात रॉक्नी यांनी जे मिळवले ते थक्क करणारे आहे. जे मिळाले नाही, त्याची कहाणीही तितकीच बोलकी आहे.

रॉक्नी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी झाला. वडील घोडागाड्या बनविणारे कुशल कारागीर होते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात आपली गाडी मांडण्यासाठी ते अमेरिकेत आले आणि त्यांच्यामागोमाग पाच वर्षांच्या नूटसह सारे कुटुंब शिकागोत स्थायिक झाले. शहराच्या वायव्य भागातील स्थलांतरितांच्या वस्तीत हा मुलगा वाढला. मोकळ्या मैदानांवर तो बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल खेळायला शिकला. हातात अंडाकृती चेंडू घेऊन धावण्याचा, प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेप घेऊन अडविण्याचा हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा अगदी निराळा. रॉक्नी यांची शरीरयष्टी त्या खेळाला साजेशी दांडगी नव्हती, पण अंगात वेग होता आणि डोक्यात सतत डावपेच चालू असत.

शाळा संपल्यावर महाविद्यालयात जाण्याइतके पैसे घरात नव्हते. रॉक्नी यांनी शिकागोच्या टपाल खात्यात नोकरी धरली आणि काही वर्षे पै-पै साठविली. १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी नोटर डेममध्ये प्रवेश घेतला. फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ मध्ये स्थापन केलेले हे विद्यापीठ तेव्हा लहान होते आणि त्याचा कारभार 'होली क्रॉस' या धर्मसंघाच्या पाद्र्यांकडे होता. रॉक्नी जन्माने प्रॉटेस्टंट. वय इतरांपेक्षा चार-पाच वर्षांनी अधिक, डोक्यावरचे केस विरळ होऊ लागलेले, गाठीशी नोकरीचा अनुभव. कॅथलिक पोरांच्या त्या घोळक्यात प्रथम तेच परके होते. मात्र रसायनशास्त्रातील हुशारी आणि मैदानावरील चिकाटी या दोन बळांवर त्यांनी लवकरच आपली जागा निर्माण केली. पुढे कृत्रिम रबराच्या संशोधनामुळे नावारूपास आलेले फादर ज्युलियस न्यूलँड हे त्यांचे गुरू होते.

त्या वेळी नोटर डेमच्या संघापुढे एक विचित्र अडचण होती. खेळाडू चांगले होते, पण खेळायचे कोणाशी, हा प्रश्न होता. ही अडचण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठीय फुटबॉलमध्ये पैसे घेऊन खेळणारे, वर्गाचे तोंडही न पाहिलेले खेळाडू सर्रास उतरत. हा बाजार रोखण्यासाठी १८९५ च्या जानेवारीत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने शिकागोतील पामर हाउस हॉटेलात काही विद्यापीठांचे अध्यक्ष एकत्र आले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, सात विद्यापीठांची 'वेस्टर्न कॉन्फरन्स' अस्तित्वात आली. तिचे मूलतत्त्व एकच होते. खेळाचा कारभार प्रशिक्षकांच्या वा व्यापाऱ्यांच्या नव्हे, तर प्राध्यापकांच्या हाती असावा. १८९९ मध्ये इंडियाना आणि आयोवा, तर १९१२ मध्ये ओहायो स्टेट या विद्यापीठांना प्रवेश मिळाला. म्हणजे नवा संघ घेण्याला कॉन्फरन्सचा तत्त्वतः विरोध नव्हता. नोटर डेम मात्र भौगोलिकदृष्ट्या या सर्वांच्या मधोमध असूनही बाहेरच राहिले.

त्यात भर पडली मिशिगनशी झालेल्या वैराची. १९०९ साली नोटर डेमने मिशिगनच्या बलाढ्य संघाला त्याच्याच गावात, ॲन आर्बर येथे, ११-३ असे हरविले. मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांना हा पराभव जिव्हारी लागला. १९१० चा सामना तर ऐनवेळी रद्दच झाला. नोटर डेमच्या काही खेळाडूंची पात्रताच मिशिगनला मान्य नव्हती. या दोन संघांची पुढची गाठ पडायला १९४२ साल उजाडावे लागले. गंमत अशी की, त्या काळात खुद्द मिशिगनच कॉन्फरन्सच्या बाहेर होते. १९०६ मध्ये कॉन्फरन्सने केलेले कडक नियम न रुचल्याने ते बाहेर पडले होते आणि १९१७ मध्ये परतले. मिशिगन परतल्यावर सदस्यसंख्या दहा झाली आणि 'बिग टेन' हे नाव लोकांच्या तोंडी रुळले. नियमांपायी घर सोडून गेलेल्या विद्यापीठाचे योस्ट पुढे त्याच घराच्या दारावर पहारा देत बसले.

शेजारचे मोठे संघ सहजी सामने देईनात, तेव्हा १९१३ मध्ये आलेले प्रशिक्षक जेस हार्पर यांनी दूरदूरच्या विद्यापीठांना पत्रे धाडली. त्यातूनच न्यूयॉर्कजवळील वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीशी, म्हणजे आर्मीच्या संघाशी, सामना ठरला. त्या उन्हाळ्यात रॉक्नी आणि त्यांचा सहकारी गस डोरे हे ओहायोतील सीडर पॉइंट या सरोवरकाठच्या विहारस्थळी नोकरीला होते. रिकाम्या वेळेत ते वाळूवर चेंडू पुढे फेकण्याचा आणि धावता धावता झेलण्याचा सराव करीत. असा पुढे फेकलेला चेंडू नियमात बसून सात वर्षे झाली होती, पण त्याचा पद्धतशीर वापर फारसे कोणी करीत नव्हते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी आर्मीच्या धिप्पाड खेळाडूंच्या डोक्यावरून डोरे यांचे चेंडू रॉक्नी आणि इतरांच्या हाती जात राहिले. नोटर डेमने ३५-१३ असा विजय मिळविला. पूर्वेकडील वृत्तपत्रांना या अनोळखी विद्यापीठाची दखल घेणे भाग पडले. शेजाऱ्यांनी पाठ फिरवली म्हणून धरलेली लांबची वाट अशा रीतीने प्रथमच फळाला आली. त्याच हंगामात पेन स्टेट आणि टेक्सास यांच्यावरही विजय मिळाला. त्या वर्षी संघाचे कर्णधार होते रॉक्नी.

१९१४ मध्ये पदवी घेतल्यावर रॉक्नी यांनी बॉनी स्काइल्स यांच्याशी विवाह केला. विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकवू लागले आणि हार्पर यांचे साहाय्यक म्हणून मैदानावरही राबू लागले. हार्पर कॅन्ससमधील आपल्या गुरांच्या कुरणाकडे परतले आणि १९१८ मध्ये संघाची सूत्रे रॉक्नी यांच्याकडे आली. पहिला हंगाम महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाच्या साथीने विस्कटला. त्यानंतर मात्र १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षी संघ एकही सामना हरला नाही. जॉर्ज गिप हा या संघाचा प्राण होता. असामान्य गुणवत्तेचा, पण अभ्यासाची फिकीर नसलेला आणि जुगाराचा नाद असलेला हा खेळाडू. वर्गांना दांड्या मारल्याबद्दल विद्यापीठाने १९२० मध्ये त्याला काढूनही टाकले होते, मग परत घेतले. त्याच वर्षीच्या १४ डिसेंबरला वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो आजाराने गेला. आठ वर्षांनी, १९२८ मध्ये, आर्मीविरुद्धच्या सामन्यात संघ अडचणीत असताना रॉक्नी यांनी गिपची अंतिम इच्छा म्हणून एक गोष्ट खेळाडूंना सांगितली आणि संघ १२-६ असा जिंकला. ती इच्छा गिपने खरोखरच बोलून दाखविली होती का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. रॉक्नी यांच्या वाणीच्या सामर्थ्याविषयी मात्र कोणालाही नाही.

१९२४ चे वर्ष त्यांच्या कीर्तीचा कळस ठरले. स्टुलड्रेहर, क्राउली, मिलर आणि लेडन या चार खेळाडूंच्या आघाडीला पत्रकार ग्रँटलँड राइस यांनी बायबलमधील चार घोडेस्वारांची उपमा दिली. विद्यापीठाच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्या चौघांना खरोखरीच्या घोड्यांवर बसवून काढलेले छायाचित्र देशभर गेले. १ जानेवारी १९२५ रोजी 'रोझ बोल'मध्ये स्टॅनफर्डला २७-१० असे नमवून नोटर डेम राष्ट्रीय विजेता ठरला.

या यशाला आणखी एक पार्श्वभूमी होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी आणि कॅथलिकविरोधी संघटना कमालीची प्रबळ होती. १९२४ च्या मे महिन्यात क्लॅनचे लोक साउथ बेंड गावात मेळाव्यासाठी उतरले, तेव्हा नोटर डेमच्या विद्यार्थ्यांशी त्यांची रस्त्यावर चकमक झडली. कारखान्यांत, खाणींत राबणाऱ्या आयरिश, इटालियन, पोलिश स्थलांतरितांना हा संघ आपला वाटू लागला तो याच काळात. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही, असे लाखो लोक त्याच्या विजयात आपला विजय पाहत होते. १९२५ च्या नोव्हेंबरात रॉक्नी यांनी स्वतः कॅथलिक पंथाचा स्वीकार केला.

एवढे सारे असूनही रॉक्नी यांना हवे होते ते वेगळेच. त्यांना कॉन्फरन्सचे सदस्यत्व हवे होते. यामागची कारणे व्यवहाराची होती. स्वतंत्र संघाला दरवर्षी सामन्यांसाठी दारोदार फिरावे लागे. घरचे मैदान लहान असल्याने मोठे प्रतिस्पर्धी तिकडे फिरकत नसत आणि संघाला सतत आगगाडीतून देशभर हिंडावे लागे. त्यावरून भटके म्हणून त्यांची हेटाळणीही होई. विद्यापीठाच्या पाद्र्यांनाही ही भटकंती खुपत होती. अभ्यास बुडतो, विद्यापीठाची ओळख केवळ फुटबॉलपुरती उरते, अशी त्यांची चिंता होती. कॉन्फरन्समध्ये स्थान मिळाले असते, तर सामन्यांची शाश्वती आणि शैक्षणिक प्रतिष्ठा ही दोन्ही एकदम हाती आली असती. त्यासाठी नोटर डेमने खेळाडूंच्या पात्रतेचे आपले नियम कॉन्फरन्सच्या नियमांशी जुळवून घेतले होते. यापूर्वीही विद्यापीठाने प्रयत्न केले होते, पण १९२६ मध्ये रॉक्नी यांनी स्वतः सदस्य विद्यापीठांशी संधान बांधून जोर लावला. निर्णय होता सदस्य विद्यापीठांच्या प्राध्यापक-प्रतिनिधींच्या हाती. निर्णय नकाराचा आला. विरोधकांत योस्ट अग्रभागी होते.

हा नकार कितपत न्याय्य होता? कॉन्फरन्सच्या बाजूने बोलण्यासारखे काही निश्चितच होते. प्राध्यापकांचे नियंत्रण हा तिचा पाया होता आणि नोटर डेममध्ये रॉक्नी यांचा शब्द किती चाले, हे जगजाहीर होते. गिपसारख्या विद्यार्थ्याला वर्गात न जाताही सांभाळून घेतले गेले, हे नाकारता येत नाही. खुद्द रॉक्नी यांनी प्रशिक्षक होण्याच्या आधी आणि सुरुवातीच्या काळात पैसे घेऊन व्यावसायिक सामने खेळले होते. पुढे जाहिराती, वृत्तपत्रांतील स्तंभ, प्रशिक्षण शिबिरे, व्याख्याने असा त्यांचा पसारा वाढत गेला. १९२५ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी त्यांनी परस्पर करार केला. बातमी फुटल्यावर तो मागे घ्यावा लागला. एखाद्या प्रशिक्षकाचे प्रस्थ विद्यापीठापेक्षा मोठे होऊ नये, अशी ज्यांची धारणा होती, त्यांना हा माणूस धोक्याचा वाटला तर नवल नव्हते.

मात्र दुसरी बाजूही तितकीच ठसठशीत आहे. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानचा विद्यापीठीय क्रीडाव्यवहाराविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि खेळाडूंना चोरवाटेने आर्थिक मदत देणे हा देशभरचा रोग असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी कॉन्फरन्सला आपल्याच एका सदस्याला, आयोवा विद्यापीठाला, निलंबित करावे लागले. म्हणजे आतल्यांचे हातही स्वच्छ नव्हते. शिवाय नोटर डेमबरोबर खेळण्याला सर्वच सदस्यांची ना नव्हती. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू, इंडियाना हे सारे संघ त्या दशकात नोटर डेमशी खेळले, कारण या सामन्यांना गर्दी लोटे आणि तिकिटांचा पैसा दोघांनाही मिळे. पंगतीला बसविण्याचा प्रश्न आला की मात्र हात आखडता घेतला जाई. ज्यांच्याशी मैदानावर दोन हात करणे कमीपणाचे नव्हते, त्यांना बरोबरीचे मानणे जड जात होते. पाद्र्यांनी चालविलेल्या विद्यापीठाविषयीचा अविश्वास आणि स्थलांतरितांविषयीचा आकस यांचा त्यात वाटा होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नियमांच्या भाषेत नकार देता येत असला, की पूर्वग्रह उच्चारण्याची गरज उरत नाही.

नकारानंतर रॉक्नी यांनी जी वाट धरली, तिने विद्यापीठीय फुटबॉलचे स्वरूप बदलले. प्रादेशिक गटात जागा नाही, तर सारा देश हेच आपले क्षेत्र, असे त्यांनी ठरविले. १९२६ च्या डिसेंबरात संघ लॉस एंजेलिसला गेला आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला १३-१२ असे निसटते हरवून आला. तेथून सुरू झालेली ही चुरस अमेरिकेतील सर्वांत गाजलेल्या आंतरप्रादेशिक स्पर्धांपैकी एक ठरली. पूर्वेला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर आर्मीशी सामने होत. शिकागोच्या सोल्जर फील्डवर लाखभर प्रेक्षक जमत. 'फायटिंग आयरिश' हे कधीकाळी टोमणा म्हणून वापरले जाणारे नाव १९२७ मध्ये विद्यापीठाने अधिकृतपणे आपलेसे केले.

अर्थात रॉक्नी यांच्याही चुका झाल्या. १९२६ च्या नोव्हेंबरात दुबळ्या समजल्या जाणाऱ्या कार्नेगी टेकविरुद्धचा सामना साहाय्यकावर सोपवून ते आर्मी आणि नेव्ही यांचा गाजावाजा झालेला सामना पाहायला शिकागोला गेले. तिकडे त्यांचा संघ ०-१९ असा हरला. त्या हंगामातला तो एकमेव पराभव. १९२८ मध्ये तर नऊपैकी चार सामने गमवावे लागले. त्याच सुमारास त्यांच्या पाठपुराव्याला यश येऊन विद्यापीठाने नवे स्टेडियम बांधायला घेतले. बांधकामामुळे १९२९ चा अख्खा हंगाम घरच्या मैदानाविना पार पडला. पायातील रक्तवाहिनीच्या दुखण्याने रॉक्नी यांना चाकाच्या खुर्चीतून मार्गदर्शन करावे लागले. तरीही संघ अपराजित राहिला. १९३० च्या ऑक्टोबरात सुमारे ५४ हजार प्रेक्षकांचे नवे स्टेडियम खुले झाले. भटक्यांना अखेर घर मिळाले होते आणि ते त्यांनी स्वतःच्या कमाईतून उभारले होते.

१९३० च्या हंगामातही संघ अजिंक्य राहिला. त्या वर्षी मिशिगनच्या जोडीने कॉन्फरन्सचे संयुक्त विजेतेपद मिळविणाऱ्या नॉर्थवेस्टर्नला नोटर डेमने १४-० असे नमविले. ज्या घरात प्रवेश नाकारला गेला, त्या घराच्या कर्त्या पुरुषालाच चीत केल्यासारखे ते होते. त्यानंतर आर्मीवर एका गुणाने आणि सदर्न कॅलिफोर्नियावर २७-० असा विजय मिळवून रॉक्नी यांनी आपल्या कारकिर्दीतला शेवटचा हंगाम संपविला. तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबरी, तसेच १९२४, १९२९ आणि १९३० ची राष्ट्रीय विजेतेपदे, हा त्यांचा हिशेब आजही अभ्यासक आदराने मांडतात.

३१ मार्च १९३१ रोजी रॉक्नी एका चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅन्ससमधील बझार या खेड्याजवळच्या कुरणावर त्यांचे फोकर विमान कोसळले आणि आतले आठही जण मृत्युमुखी पडले. लाकडी पंखातील सांधा निखळल्याचे पुढे मानले गेले. या अपघाताने देश इतका हादरला, की विमानांच्या तपासणीचे नियम कडक झाले आणि धातूच्या विमानांकडे कंपन्यांचा ओढा वाढला. अंत्यविधीचे रेडिओवरून देशभर प्रक्षेपण झाले. नॉर्वेच्या राजाने प्रतिनिधी पाठविला. स्टुडबेकर कंपनीने १९३२ मध्ये त्यांच्या नावाची मोटार बाजारात आणली. १९४० च्या चरित्रपटात गिपची भूमिका रोनाल्ड रेगन या तरुण नटाने केली आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही 'गिपर' हे टोपणनाव त्याला चिकटून राहिले.

कॉन्फरन्सची कथा मात्र पुढे चालूच राहिली. संस्थापक सदस्य असलेल्या शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉलच बंद केले आणि १९४६ मध्ये कॉन्फरन्स सोडली. रिकामी जागा १९४९ मध्ये मिशिगन स्टेटला मिळाली. १९९० मध्ये पेन स्टेटला निमंत्रण गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तर कॉन्फरन्सच नोटर डेमच्या दारात आली. तोवर दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाचा स्वतःचा करार, देशभर पसरलेला चाहता वर्ग आणि हवा तो प्रतिस्पर्धी निवडण्याची मुभा ही नोटर डेमची ओळख बनली होती. १९९९ च्या फेब्रुवारीत विद्यापीठाच्या विश्वस्तांनी विचारान्ती नकार कळविला. २०१३ मध्ये इतर बहुतेक खेळांसाठी हे विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्यावरील गटात गेले. २०१७ मध्ये केवळ आइस हॉकीपुरते ते 'बिग टेन'मध्ये सामील झाले. फुटबॉलचा संघ मात्र, २०२० च्या कोरोनाकाळातील एका हंगामाचा अपवाद सोडता, स्वतंत्रच राहिला.

नव्या संघाला गटात घ्यावे की नाही, याचा निर्णय करताना अंतर, उत्पन्न, अभ्यासाचा दर्जा, नियमांचे पालन अशी अनेक मोजमापे पुढे केली जातात. ती सारी आवश्यक आहेतच. १९२६ मध्येही ती होती. पण त्या दिवशी मते देणाऱ्यांपुढे केवळ एका संघाचा अर्ज नव्हता. आपल्यात कोणाला बसू द्यायचे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर देणारे विस्मृतीत गेले. ज्याला ते उत्तर ऐकावे लागले, त्या टपालखात्यातील जुन्या नोकराने मात्र त्या नकाराचेच भांडवल केले. नोटर डेमच्या आवारात आज त्यांचा पुतळा उभा आहे. ज्या दाराशी ते थांबले होते ते दार पुढे सताड उघडले, तेव्हा त्यांच्या संघाला आत जाण्याची गरज उरली नव्हती.